फुलाबाईच्या नावाचा डबा

४ ऑगस्ट, सोमवार

आमच्या वस्तीवर लाईट जाते ह्यात माझा काय गुन्हा? तारा मी तोडल्या का? डीपी मी जाळली का? पण शिक्षा मलाच. पोरगी सकाळीच लॅपटॉप पाठीला मारून फुलाबाईकडं गेली, वालचंदनगरला. तितं म्हणं कॉलनीत लाईट जात न्हाय. जात नसंल. कंपनीची कॉलनी हाय. त्यात फुलाबाईचं काय कर्तृत्व? ती काय वायरमन हाय?

हां. तर डायरे, राम राम. तू कारखान्याची जुनी डायरी, कोरी पडून होतीस. आतल्या छापील तारखा खोडून मी माझ्या घालणार. संस्कृतीनं दिली. म्हणली, "आजी, दिवसभर बडबडतीस ते ह्यात लिही, आमचे कान सुटतील." माझी शाळा चौथीपर्यंत. अक्षर म्हशीनं पाय दिल्यावानी. पण वाचणार कोण? मीच.

संस्कृती माझी नात, जोतीरामाची लेक. पुण्याच्या कंप्युटरच्या कंपनीत हाय, पण काम हितनंच करती, कळंबात बसून. आता कंपनीचं डोकं फिरलंय. सगळ्यांनी पुण्याला यायचं म्हणत्यात. हिनं लई विनवलं तवा तिचा सर म्हणला, बारामतीच्या दूधवाल्या बायांच्या संघाची साईट तू करतीयस ना, ती बायांना पसंत पडली तर रहा गावाकडं. न्हायतर दिवाळीपासून पुणं.

पुण्याला गेली की गेली. पलीकडच्या बिरदेवाची पोरगी गेली. आता सणाला येती आणि विकतच्या बाटलीतलं पाणी पिती.

म्हणून काम झालं पायजे, हे मलाबी कळतंय. पण ते फुलाबाईच्या सोफ्यावर बसूनच का झालं पायजे? फुलाबाई म्हंजे माझ्या सुनेची, संजीवनीची आई. चष्मा साखळीला बांधून गळ्यात घालती. डोळ्याला लावताना दिसली न्हाय कवा.

७ ऑगस्ट, गुरुवार

पोरगी आली. आल्या आल्या "माईनं असं केलं, माईनं तसं केलं." फुलाबाईला ती माई म्हणती आणि मला आजी. माई कसं ग्वाड लागतं. आजी म्हणलं की म्हातारीच डोळ्यापुढं येती.

मी विचारलं, "तू दिवसभर त्या डबड्यापुढं बसून करतीस तरी काय?"

"कंपोनंट बनवते."

"खायचं असतं का नेसायचं?"

हसली. मग चुलीपुढं बसकण मारून सांगायला लागली. साईटवर बटनं असत्यात, नाव भरायचं डबं असत्यात, गायीची माहिती दावणारी कार्डं असत्यात. दर पानावर ती नव्यानं बनवत बसलं तर जलम जाईल. म्हणून फ्रेमवर्क नावाचा एक तयार सांगाडा असतो. त्यात डबा एकदाच नीट बनवायचा आणि त्याला नाव द्यायचं. मग ज्या पानावर पायजे तितं नुसतं नाव घातलं की डबा हजर. वरची पाटी काय, रंग कुठला, भरलाच पायजे का सोडला तरी चालंल, हे ज्या त्या पानानं बाहेरनं सांगायचं.

"म्हंजे सोऱ्या एक आणि चकत्या वेगळ्या. शेव पायजे शेव, चकली पायजे चकली."

"अगदी तसंच! आणि सोऱ्या एकदा दुरुस्त केला की सगळ्या घरांतल्या चकल्या आपोआप नीट."

"आणि सोऱ्याच वाकडा असला तर?"

"तर सगळीकडंच वाकडं. म्हणून तर आधी कुणावर तरी तपासून बघते."

कुणावर, ते तिनं सांगितलं न्हाय. मीबी विचारलं न्हाय. मला काय कळत न्हाय व्हय?

१३ ऑगस्ट

आज लाईट होती. पोरगी घरी, कानात बोंडं घालून पुण्याच्या पोरांशी बोलत होती. मी शेजारी लसूण सोलत बसले. इंग्रजीत गडगड चाललेली, त्यात मधीच एक शब्द वळखीचा आला. फुला. जरा वेळानं परत फुला. मग मराठीत म्हणली, "अरे फुलाबॉक्स कॉपी करून चिकटवू नकोस. इंपोर्ट कर, नुसतं नाव घालून मागव. कॉपी केलास की उद्या प्रत्येक पान उघडून दुरुस्त करत बसावं लागंल."

तिचं बोलणं होईस्तवर मी दम धरला.

"काय गं, ही फुला कोण?"

"ते होय? नाव बोलून भरायचा डबा आहे ना, त्याचं नाव. माईवर तपासला. तिनंच सांगितलं अक्षरं मोठी कर, माईकचं चित्र अंगठ्याएवढं कर. म्हणून तिचंच नाव दिलं."

"आणि पुण्यातली ती मिशीवाली पोरंबी दिवसभर फुला फुला करत्यात?"

"करतात की."

"आणि उद्या ही साईट अमेरिकेला गेली तर?"

"तर तिथंही फुलाच."

लसूण तसाच टाकला आणि उठले.

"आजी, तुझ्यावर पण तपासायचंय गं. बसतीस का घटकाभर?"

"फुलाबाईनं उष्टं केलेलं मी खात न्हाय."

ह्या पोरीचा शेंबूड मी पुसला. टायफाईडात तिला मांडीवर घेऊन मी बसले. तवा फुलाबाई कुठं होती? शिर्डीच्या ट्रिपला. आणि डबा कुणाच्या नावाचा? फुलाबाईच्या. आमच्या नावानं कवा एक म्हैस बांधली न्हाय कुणी.

१४ ऑगस्ट

जेवले न्हाय. पोट दुखतंय म्हणून सांगितलं. दुखत न्हाय. पोरगीनं दूधभाकरी कुस्करून उशापाशी ठिवली. उठल्यावर ताट रिकामं दिसलं तवा विचारलं, खाल्लंस का? मी म्हणलं, मांजरानं खाल्लं. आमच्यात मांजर न्हाय. तिच्या ध्यानात आलं नसावं.

१ सप्टेंबर, सोमवार

गौरी जेवल्या. फुलाबाई हळदीकुंकवाला आली होती. येताना पोरीला डब्यात बेसनाचं लाडू. लाडू आमच्या घरात काय होत न्हाईत?

वस्तीवरच्या बाया जमल्या आणि नेमानं नाव घ्यायचं निघालं. फुलाबाई उखाणा न्हाय की बिखाणा न्हाय, सरळ म्हणली, "आमच्या मंडळात आम्ही तसंच घेतो. आबासाहेब." दळण टाकल्यावानी. बाया तोंडाला पदर लावून हसल्या. मग सगळ्या माझ्याकडं वळल्या.

मी ह्यांचं नाव आजवर घेतलं न्हाय. आमच्या वयाच्या बाया घेत न्हाईत. सासूनं शिकवलं घ्यायचं न्हाय, तर न्हाय घेतलं. उखाण्यातबी लग्नात एकदा पुटपुटले होते, ते माझं मलाच ऐकू आलं न्हाय. दवाखान्यात, तलाठ्याकडं कुणी विचारलं तर जोतीराम सांगतो, तो नसंल तर शेजारीण सांगती. लिवायलाबी माझा हात वळत न्हाय. लोक त्यास्नी तात्या म्हणत्यात. मी "अवो" म्हणते. तेवढ्यावर सगळा संसार झाला.

मी म्हणलं दूध उतू चाललं, आणि आत पळाले. चुलीवर दूध नव्हतंच. वसरीवर आमचा म्हातारा बसला होता. तो आत बघत होता आणि मी आत गेल्यावर बाहेर बघाय लागला.

जाताना फुलाबाई म्हणती, "विहीणबाई, तुमची ती बाजरीची भाकरी एकदा शिकवा मला. माझ्या हातनं कडा चिरतात." बघा कशी. एवढी कॉलनीतली बाई, हिला भाकरी येत न्हाय? मला चिडवायला विचारलं. मी म्हणलं, "हातच तसा लागतो."

५ सप्टेंबर

आज घरात कुणी न्हाय. संजीवनी आणि जोतीराम मका काढायला, पोरगी बारामतीला संघाच्या हापिसात. तपासायचा फोन हितंच ठिवून गेली होती, साईट उघडीच. मला म्हणून ठिवला असं न्हाय. विसरली असंल.

मी म्हणलं बघू तरी ह्या फुलाबाईत काय एवढं हाय.

अक्षरं मोठी हायत. माईकचं चित्र अंगठ्याएवढं हाय. दाबलं की आतनं बाई बोलती, "कृपया आपले नाव सांगा." मी म्हणलं, कुशाबाई. झटकन उमटलं. हिरवी रेघ आली. आडनाव सांगितलं, रणवरे. हिरवी. मला वाटलं, ह्यात काय हाय, ह्याला फुलाबाई कशाला लागती?

मग म्हणती, "कृपया पतीचे नाव सांगा."

मी फोन मांडीवर ठिवला. ती परत, "कृपया पतीचे नाव सांगा."

"तुला काय करायचंय?"

तर डब्यात उमटलं, तुला काय करायचंय. बया बया! फुलीवर दाबून दाबून पुसलं. पुढचं बटन दाबलं तर लाल अक्षरं, ही माहिती आवश्यक आहे. पुढं जाईना, मागं येईना. आणि बाई आपली तेच तेच विचारती, तीबी मोठ्यानं.

वसरीवर म्हातारा सुतळी वळत बसला होता. त्याचं हात थांबलं. मान तशीच खाली, पण कान इकडं. मला सगळं दिसत होतं. आणि डोस्क्यात गौरीपासनं कोण बसलंय? फुलाबाई. तोंडातनं निघून गेलं, "आबासाहेब."

हिरवी रेघ.

पुढं सगळं भराभर झालं. माझा फोटो काढला, गायीच्या कानातल्या बिल्ल्याचा काढला. शेवटी "धन्यवाद" म्हणली. मला कुणी एवढ्यात धन्यवाद म्हणलं नव्हतं. फोन होता तसा ठिवला. कुणाला सांगणार न्हाय.

म्हातारा सुतळी तितंच टाकून गोठ्यात गेला. चहा केला तर प्याला न्हाय. ऊन लागलं असंल.

८ सप्टेंबर

म्हातारा अजून बोलत न्हाय. म्हशीसंगं बोलतोय. तिला म्हणाला, "तुझं बरं हाय बाई, तुला काय सांगायला लागत न्हाय." काय म्हणायचं होतं कुणास ठाऊक. वय झालं.

११ सप्टेंबर, गुरुवार

बसायचं कुठं आणि लिवायचं कसं. पण लिवते.

आज बारामतीत साईट दावायची होती. पोरगीनं दोघी म्हाताऱ्यांना जीपमधनं नेलं. पुढची सीट फुलाबाईला. तिला म्हणं मळमळतं. मी मागं. भवानीनगरला चहा प्यायला थांबलो तर पोरगी माझ्यासाठी बिनसाखरेचा सांगायला धावली. फुलाबाईचं तोंड बारीक झालं. साखरेचा घ्यायला काय हिला कुणी अडवलं होतं?

हॉल भरलेला. भिंतीवर मोठा पडदा. पुण्याचा सर आला होता, पातळसा, सारखा घड्याळ बघणारा. संघाची मोनाताई सगळ्यांना पुढं बसवत होती. पोरगी उभी राहिली. छान बोलत होती.

मग तिनं पडद्यावर बायांची नोंद उघडली. "ही पहिली दोन कार्डं बघा, तपासायला भरलेली."

कार्ड एक. फुलाबाईचा फोटो, चष्मा गळ्यात. फुलाबाई आबासाहेब जाचक.

कार्ड दोन. माझा फोटो. कुशाबाई आबासाहेब रणवरे.

मागनं एक बाई म्हणली, "ह्या सवती हायत काय गं?"

जो हशा पिकला! पोरगीनं घाईघाईनं पुढचं पान काढलं, गायींचं. तितंबी तेच कार्ड, शेजारी शेजारी. लसीचं पान काढलं. तितंबी आमी दोघी. डॉक्टर बोलवायचं पान. तितंबी. एकदाच बनवलेलं कार्ड, मग जाईल तितं हजर. "अगं, नांदत्यात की गुण्यागोविंदानं!" म्हणून एक बाई मांडीवर हात मारायला लागली.

फुलाबाई माझ्याकडं वळली. "विहीणबाई, हे काय? माझ्या नवऱ्याचं नाव घ्यायला बरी जीभ वळली!"

"दुसऱ्याच्या मालकाचं घ्यायला काय होतंय? वाण्याचं घेतो, न्हाव्याचं घेतो."

"म्हणजे आमचे हे न्हावी?"

मोनाताईनं मधी पडून सोडवलं. सर म्हणला, चूक डेटाची आहे, आता बायांनी स्वतः भरून बघावं. फोन वाटलं. आणि खरं तितं अडलं. तरण्या बाया भराभरा बोलल्या. पण म्हाताऱ्या बाया, ज्यांच्या नावावर गायी हायत, त्या सगळ्या माझ्यावानीच फोन मांडीवर ठिवून बसल्या. हॉलभर आतली बाई विचारतीय, पतीचे नाव सांगा, पतीचे नाव सांगा, आणि ह्या एकमेकींकडं बघून हसत्यात.

"पतीचं नाव सांगायला अडचण काय आहे?" सरानं विचारलं. त्यावर जास्तच हसल्या.

एकीनं शेजारणीकडनं सांगून घेतलं. बरं झालं म्हणलं. तर पुढच्या पानावर डबा परत तेच विचारतोय. त्याच्या पुढंबी. एकच डबा सगळीकडं लावलेला. शेजारीण म्हणली, "मी काय हिच्या नवऱ्याचा जप करू?"

मी उभी राहिले. कशी राहिले ठावं न्हाय. म्हणलं, "पोरीची चूक न्हाय. माझ्या तोंडातनं ह्यांचं नाव निघत न्हाय, म्हणून मी पलीकडच्या म्हाताऱ्याचं घातलं. मला तवाच कळलं होतं हा डबा अडणार. मी सांगितलं न्हाय."

पोरगीनं माझ्याकडं बघितलं. रडली असती तर बरं झालं असतं.

मोनाताई म्हणली, नाव तर लागणारच, विम्याला लागतं. सर म्हणला, मंगळवारी परत दाखवा. नाही जमलं तर संस्कृती, पुण्यातच भेटू.

घरी आल्यावर म्हाताऱ्यापुढं चहा ठिवला. कप सरकवून म्हणाला, "आबासाहेबांना नेऊन दे."

जीपच्या आधी बातमी घरी आली होती वाटतं. का त्याला आधीच ठावं होतं?

१२ सप्टेंबर

पोरगी सकाळी चहा न घेताच उठली. मग भाकरीच्या वेळेला लॅपटॉप घेऊन चुलीपुढं बसली आणि एकदम खुदकन हसली. "आजी, सवती!"

"हसू नगंस. माझ्यामुळं झालं."

"तुझ्यामुळं झालं तेवढं झालं. पण डबा मी एकाच आजीवर तपासला. दुसरी चुलीपुढं बसून फुगली होती, तिला उचलून आणायला हवी होती."

"मी फुगले न्हवते."

"मांजर फुगलं असेल."

मी भाकरी उलटली.

मग तिनं विचारलं, "खरं सांग, नाव कुणी सांगितलेलं तुला चालतं?"

मी सांगितलं. कुणीबी चालतं, मी सोडून. पण आपलं मानलेलं माणूस पायजे. भलत्याला आपल्या मालकाचं नाव घ्यायला कोण लावंल? बोलवायचं माझं काम, सांगायचं तिचं.

ती टकटक करत बसली. भाकऱ्या झाल्या तरी बसलेली. मग पडदा माझ्याकडं वळवला. आता डबा आधी विचारतो, "आपल्या वतीने नाव कोण सांगणार?" तिचं नाव घ्यायचं. मग ती बोलती. खाली बारीक अक्षरात उमटतं, अमुकनं सांगितलं. एकदा सांगितलं की झालं, बाकीच्या पानांनी विचारायचं न्हाय. मोनाताईलाबी चालतं म्हणाली, साक्षीदार आयता मिळतो.

"पानं सगळी परत करायला लागली का?"

"एकाला हात लावला नाही. फुलाबॉक्स होता तसाच आहे. त्याच्या बाहेरनं दुसरा डबा केला. बाहेरचा आधी विचारतो, मग आतल्याला उघडतो. त्या पानांना आता बाहेरचाच दिसतो." मग लाडात येऊन म्हणती, "ह्याचं नाव कुशाबॉक्स."

"म्हंजे फुलाबाई माझ्या पोटात?"

"तसं म्हण."

"माझ्या सांगण्याबिगर तिला त्वांड उघडता येत न्हाय?"

"डब्यात तरी नाही."

आज दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

१३ सप्टेंबर, शनिवार

डीपी जळाली. ह्या वेळी मीच जाळली असती तरी एवढा राग आला नसता. वायरमन म्हणतो मंगळवार उजाडंल. मंगळवारीच दावायचंय, आणि पोरीचं काम अर्धं. फुलाबाईला फोन केला तर म्हणली, "तिकडंच बस की तुझ्या आजीपाशी. सगळं तीच तर करते." आणि ठिवला.

पोरगी लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली. बॅटरीचं चित्र लाल. मी जोतीरामाला म्हणलं, "गाडी काढ."

"कुठं आई?"

"जितं लाईट हाय तितं."

पीठ बांधून घेतलं, बाजरीचं. वालचंदनगरला पोचलो. फुलाबाईनं दार अर्धंच उघडलं. दारातच भांडाय लागली. "माझ्या नवऱ्याचं नाव पुरलं नाही? आता काय न्यायला आलात?"

"न्यायला न्हाय. पोरगी द्यायला आले."

"तिला इथं करमतं कुठं? येते आणि दिवसभर आजी अशी म्हणते, आजी तशी म्हणते. माझी भाजी झाकून ठेवते आणि तुमची भाकरी डब्यातनं काढून खाते. डब्याला माझं नाव दिलं तेव्हा मला वाटलं, आता तरी..." आणि चष्मा पुसाय लागली. कोरडाच चष्मा.

खोटं बोलत असंल. भाकरी तर पोरगी हितं अर्धी टाकती.

मी म्हणलं, "इनबाई, परात कुठं हाय?"

पोरगी सोफ्यावर कामाला लागली. मी हिला भाकरी दावली. पीठ थोडं थोडं मळायचं, गरम पाण्यात, आणि थापताना कडंला बोटं मऊ ठिवायची. हिची तिसरी भाकरी बरी झाली. आणखी एक थापायला बसली तर आबासाहेब आतनं म्हणाले, "पुरे गं, जेवायचंय." बाई एवढी खूश की माझा राग परत वर आला.

मग पोरगीनं दोघींना बोलावलं. "नवीन डब्याला दोन बायका लागतात. बसा." डब्यानं विचारलं, आपल्या वतीने कोण सांगणार? मी म्हणलं, फुलाबाई. डबा तिच्याकडं वळला. तिनं चष्मा गळ्यात नीट केला.

"बोला की," मी म्हणलं.

"का म्हणून? तुम्ही माझ्या नवऱ्याचं घेतलंत, म्हणून मी तुमच्या नवऱ्याचं घेऊ? इथं बंद खोलीत? नाही घेणार. तुमच्या घरी रीतसर बोलवा, मग बघू."

हट्टी बाई. मी असते तरी असंच केलं असतं.

१६ सप्टेंबर, मंगळवार

बारामती. डबा चालला. म्हाताऱ्या बाया जोडीजोडीनं बसल्या, हिचं तिनं सांगितलं, तिचं हिनं. काहींनी मुद्दाम उखाण्यात सांगितलं, तर डब्यात अख्खा उखाणा उमटला. पोरगी म्हणली, हे पण दुरुस्त करते, आणि तिथंच बसून केलं. एका ठिकाणी केलं, सगळ्या फोनवर झालं. मोनाताईनं सरापुढं सांगितलं, आम्हाला हीच पोरगी पायजे, आणि हितंच पायजे. सरानं घड्याळ न बघता हो म्हणलं.

पोरगी ऱ्हाती. पुणं गेलं खड्ड्यात.

येताना फुलाबाईला मळमळतं म्हणून पुढची सीट दिली. मीच दिली. पोरगी माझ्याशेजारी मागं बसली, म्हणून.

आता फकस्त माझं कार्ड तसंच हाय. साऱ्या संघात मी अजून आबासाहेबांची. पोरगी म्हणती, मी बदलू का, एका मिनिटाचं काम. मी म्हणलं, हात लावायचा न्हाय.

१८ सप्टेंबर, गुरुवार

फुलाबाईला रीतसर बोलवणं धाडलं. जेवायलाच. आबासाहेबांनाबी. पुरणाचा घाट घातलाय. थोड्या वेळात येतील.

म्हातारा सकाळीच उठून दाढी करून आला. धुतलेलं धोतर, नवी टोपी. कुठं निघालाय म्हणून विचारलं तर कुठंच न्हाय म्हणतो. वसरीवर खांबाला टेकून बसलाय, दाराकडं पाठ करून. सुतळी हातात हाय, वळत न्हाय.

मी घरात सगळ्यांना बजावून ठिवलंय आणि हितंबी लिवून ठिवते. आज डब्यानं विचारलं की जोतीरामानं मधी बोलायचं न्हाय. संजीवनीनं न्हाय. संस्कृतीनं बटन दाबायचं आणि गप बसायचं. फुलाबाईनंच सांगायचं. आणि कॉलनीतल्यावानी नाजूक न्हाय, चांगलं मोठ्यानं सांगायचं. वसरीपर्यंत गेलं पायजे.